बिनगुळाचा सॉस

आंबवडे, ता. भोर
८ जानेवारी १९६८

चि. सगुणा,

तीन वर्षांनी बापाचं अक्षर बघून घरात कोणी गेलं की काय, असं तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. तेव्हा खाली बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

तुझ्या आईला साखरेचा आजार निघालाय. दसऱ्यापासून तिला सारखी तहान लागत होती आणि ती अशी वाळली की लुगडं कमरेवर ठरेना. मी म्हटलं, वय झालं. शेजारची सरूबाई म्हणाली, बाहेरचं काहीतरी असेल, उतारा टाका. शेवटी मी तिला एसटीत घातलं आणि भोरला नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात तिच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर फार. तुझ्या आईचं विटकरी झालं. तू नर्स आहेस, तुझ्या सोलापूरच्या दवाखान्यात असं रोज उकळत असतील. मी पहिल्यांदाच बघितलं.

आता सकाळी अर्धी गोळी, गूळ-साखर बंद, भात बंद आणि दर पंधरा दिवसांनी लघवी बाटलीत घालून दाखवायला न्यायची. गोळी ती मुकाट्यानं घेते, पण जेवत नाही. तीस वर्षं मी धरणावरच्या डाकबंगल्यात खानसामा होतो, मोठमोठे साहेब माझ्या हातचं मागून मागून खात, आणि माझीच बायको कोरडी भाकरी चिवडून ताट बाजूला सारते. हे मला सहन होत नाही.

त्या दिवाळीचं मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. आईच्या खाण्याचं काही सुचलं तर तेवढं कळव.

साहेबराव

*

आंबवडे
२० जानेवारी १९६८

चि. सगुणा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. माझं मलाच सुचलं.

बंगल्यावर तो अमेरिकन साहेब आला होता, आठवतो का? तू तेव्हा सातवीत होतीस. धरण बघायला म्हणून आला आणि तीन आठवडे राहिला. आवारात खड्डा खणून घ्यायचा, निखारे पाडायचा, वर लोखंडी जाळी टाकून कोंबडी भाजायचा आणि तिला कुंच्यानं तांबडा सॉस माखत बसायचा. 'बार्बेक्यू' म्हणायचा त्याला. रंगाऱ्याचं काम आणि साहेबाचा थाट. तो सॉस त्यानं मला शिकवला होता. उरलेला मी वाटीतून घरी आणायचो आणि तुझी आई त्याला अमेरिकेची चटणी म्हणायची.

पण साहेबाच्या कृतीत ओंजळभर गूळ. तो तर आता विषासारखा. दोन दिवस विचार केला. मग बांधावरची पिकलेली बोरं आणली, उकडली आणि चाळणीवर चोळून त्यांचा गर काढला. परसातली पपई पिवळी झाली होती, तिची फोड घातली. टोमॅटो, कांदा, लसूण, भाजलेली लाल मिरची, दोन लवंगा, चिंचेचा कोळ आणि शिरका, म्हणजे साहेबांचं व्हिनेगर. मंद जाळावर पळीला चिकटेपर्यंत आटवला. गुळाचा खडा नाही, साखरेचा कण नाही, आणि तरी गोड. उपासाला फळं चालतात तर पथ्याला का चालू नयेत? डॉक्टरांनाही विचारलं. दिवसाला दोन चमच्यांच्या वर नको, म्हणाले. मी मोजूनच देतो.

निखाऱ्यावर कोंबडीची तंगडी भाजली, तिला हा सॉस माखला आणि भाकरीबरोबर दिली. तुझ्या आईनं अख्खी भाकरी खाल्ली. बोट चाटून म्हणाली, "अमेरिकेला पत्र टाका, म्हनावं खानसाम्याची जाई जेवली."

सॉस बाटल्यांत भरून ठेवलाय. रिकाम्या झालेल्या बाटलीला पाणी लावायचं नाही, हा आमचा खानसाम्यांचा नियम. पाणी राहिलं की सॉसला बुरशी येते. गरम शिरका घालायचा, एकदा हलवायची आणि पालथी घालायची.

तुला आनंदाची बातमी राहिलीच. गेल्या आठवड्यात लघवी दाखवली, नळी हिरवी आली. फक्त औषधाच्या बाटलीचं बूच सैल होतं, ते एसटीत दगा देऊन गेलं. शेजारी किकवी गावचे कोणी पाहुणे होते, त्यांच्या धोतरावर सांडलं. मी म्हटलं, काढा आहे. त्यांनी वास घेतला आणि जागा बदलली. पुढच्या खेपेला सॉसची बाटली नेईन. तिचं झाकण फिरकीचं आहे, थेंब गळत नाही. बंगल्यावरच्या डझनभर रिकाम्या घरात पडल्यात. एकदा नेलेली परत स्वयंपाकाला घ्यायची नाही, एवढं मला कळतं.

साहेबराव

*

आंबवडे
२ फेब्रुवारी १९६८

चि. सगुणा,

नळी विटकरी आली. पहिल्यापेक्षा गडद.

डॉक्टरांनी मान वर केली आणि विचारलं, घरात हिला गोड कोण देतं? मी म्हटलं, घरात दोघंच माणसं. त्यांनी आधीची चिठ्ठी खोडली. आता पूर्ण गोळी सांगितलीय.

सगुणा, मी गुळाला हात लावत नाही. म्हणजे उरली कोण? संक्रांतीला गावभरच्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या, तीळगुळाचे लाडू पदरात घालून गेल्या. तुझ्या आईनं ते पोरांना वाटले असं ती सांगते. ते मी बघायला थोडाच गेलो होतो? गोड खायची तिची सवय तुला माहीत आहे. मी विचारलं तर म्हणाली, न्हाई खाल्लं. परत विचारलं तर चुलीपुढून उठून गेली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. घरातला सगळा गूळ मी ट्रंकेत टाकून कुलूप लावलंय आणि किल्ली करदोट्याला बांधलीय.

सॉस चालू आहे. निदान त्यावर तरी जेवते. तो नसता तर तिचं काय झालं असतं, कोण जाणे.

तू दोन ओळी लिहिल्यास तर ती तुझं ऐकेल. माझं ऐकत नाही. मला रोज भीती वाटते, सकाळी उठवायला जाईन आणि ती उठणारच नाही. हे मी गावात कोणाला सांगितलेलं नाही.

साहेबराव

*

आंबवडे
१६ फेब्रुवारी १९६८

चि. सगुणा,

तुझं कार्ड काल मिळालं. ना मायना, ना खुशाली. 'लघवी कोणत्या बाटलीतून नेता? बाटली कशानं धुता?' एवढंच. तीन वर्षांनी लेक बापाला पत्र लिहिते आणि बाटली विचारते.

पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी बाटल्या धुतोय. कलेक्टर माझ्या टेबलावर जेवलेत. कोणाचं पोट बिघडल्याचं तू ऐकलंस का? बाटली स्वच्छ असते. पुन्हा विचारू नकोस.

तुला विचारायचंच होतं तर आईला विचारायचं होतं की ती चोरून खाते कशाला. कालची नळीही विटकरीच. आता दोन गोळ्या झाल्या. घरी येऊन मी तिला चार शब्द बोललो. तिनं देवळीतल्या तुझ्या फोटोवर हात ठेवला आणि म्हणाली, "सगुनीची आन, म्या गुळाला शिवले बी न्हाई." माझ्या तोंडून गेलं, जी घरात पाय ठेवत नाही तिची आण काय कामाची? तिनं फोटो पदरानं पुसला. कालपासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तिचे हात हल्ली थरथरतात. दुपारी घाम येतो. डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं.

साहेबराव

*

आंबवडे
२८ फेब्रुवारी १९६८

चि. सगुणा,

घाबरू नकोस. आई बरी आहे. बसून हे लिहितोय तेव्हा ती समोर पडून माझ्याकडेच बघते आहे.

सोमवारी महाशिवरात्र झाली. देवळात गर्दी होती. उपास करू नको म्हटलं, तर ती ऐकेना. रताळी गोड म्हणून मी दिली नाहीत. सकाळी दोन गोळ्या आणि बिनसाखरेचा चहा, एवढ्यावर ती देवळात जाऊन आली. दुपारी चुलीपुढं बसल्या बसल्या काहीबाही बोलायला लागली. मला ओळखीना, मला भावजी म्हणाली. लुगडं घामानं भिजलं होतं. उठायला गेली आणि भिंतीवर घसरत खाली आली. दात घट्ट मिटलेले. मी हाक मारतोय आणि तिचे डोळे अर्धे उघडे, पण त्यात कोणी नाही.

सरूबाई धावत आली. तिनं आपल्या घरून गुळाचं पाणी करून आणलं आणि चमच्या चमच्यानं पाजलं. थोड्या वेळानं आईनं डोळे पूर्ण उघडले आणि म्हणाली, चूल इजली का? तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

उपासानं चक्कर आली, दुसरं काही नाही, असं सगळे म्हणतात. मीही तेच म्हणतो. गुळाचं पाणी पोटात गेलंय, त्यानं साखर वाढायला नको म्हणून गोळ्या मी अजिबात चुकवू देत नाही. समोर बसून दोन्ही गिळायला लावतो.

काल तिनं विचारलं, "सगुनीला कळीवलं का?" मी हो म्हटलं.

साहेबराव

*

भोर
१ मार्च १९६८

सगुणा,

हे पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. कागद मांडीवर धरलाय, अक्षर लावून घे.

काल संध्याकाळी तुझ्या आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या लवंडला. तिच्यानं तांब्या उचलवत नाही, म्हणून मी जवळची एक बाटली घेतली आणि पाणी भरून तिच्या हातात दिली. पुढच्या खेपेला लघवीसाठी न्यायची म्हणून शिरक्यानं विसळून पालथी घातलेली सॉसची बाटली ती. घाईत माझ्या ध्यानात आलं नाही. तिनं एक घोट घेतला, तोंडात धरला आणि म्हणाली, "ह्यात काय घातलंया वो? पानी आंबटग्वाड लागतंय."

मी घोट घेतला. शिरक्याच्या मागून गोड लागत होतं. बाटली उजेडात धरून बघितली, तर तळाच्या कडेला सॉसचा तांबूस थर तसाच. आत बोट जात नाही, कुंचा जात नाही. मी आयुष्यभर शिरक्यानं विसळल्या त्या बाटल्यांत परत सॉसच भरायचा असायचा. थोडा राहिला तरी कोणाचं काय बिघडणार होतं? आणि मी त्यातच तिची लघवी भरून नेत होतो. नळी विटकरी होत होती ती माझ्या बोरांनी आणि पपईनं. तिच्या अंगातल्या साखरेनं नाही. औषधाच्या बाटलीतून नेली तेव्हाच काय ती हिरवी आली होती.

तुझं कार्ड मी फाडलं नव्हतं. पंचांगात ठेवलं होतं. काढून परत वाचलं. दोनच ओळी होत्या आणि त्यांत सगळं होतं. मी एका ओळीचं खरं उत्तर दिलं असतं, तर सोमवार उजाडलाच नसता.

आज सकाळची गोळी दिली नाही. पहिल्या गाडीनं भोरला आलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं.  मग मी दुसऱ्या बाटलीतून आणलेली लघवी त्यांनी तपासली. ही बाटली चुलीवर पाण्यात खळखळ उकळून घेतली होती. नळी निळीच राहिली, सगुणा. एवढासाही हिरवा रंग नाही. डॉक्टर म्हणाले, हिला साखर उरलीच नव्हती आणि तुम्ही दोन गोळ्या चारत होता. अजून चार दिवस गेले असते, तर बाई झोपेतून उठली नसती. गोळ्या तूर्त बंद. दर चार तासांनी काहीतरी खायला द्यायचं आणि एकटं सोडायचं नाही.

गेल्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. सरूबाई गुळाचं पाणी घेऊन आली, तेव्हा मी तिचा हात धरला होता. गूळ नको, पथ्य आहे, असं ओरडलो होतो. तिनं मला ढकललं आणि म्हणाली, "सरका, भावजी. मरायला लागलीया बाई अन् पथ्य सांगताय." तिनं ढकललं म्हणून तुझी आई आहे.

गाडीची वेळ झाली. घरी जाऊन तिला सांगायचं आहे. डॉक्टरांना सांगताना एवढी भीती वाटली नव्हती.

साहेबराव

*

आंबवडे
५ मार्च १९६८

सगुणा,

आईला सांगितलं.

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. बाटलीचं सांगितलं, नळीचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. सरूबाईचा हात धरला होता तेही सांगितलं. मला वाटलं, रडेल, शिव्या देईल, कपाळावर हात मारून घेईल. ती भिंतीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"म्हंजी म्या गूळ खाल्ला न्हवता, ह्ये आता पटलं तुमाला?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग त्या ट्रंकंचं कुलूप काढा. मी काढलं. गुळाला मुंग्या लागल्या होत्या. तिनं आत बघितलं, झाकण लावलं आणि जाऊन पडली. मरता मरता वाचली त्याचं तिला काही नाही. महिनाभर मी तिला चोर समजलो, ते तिच्या जिव्हारी लागलंय.

डॉक्टरांनी दर चार तासांनी खायला द्या म्हटलंय, म्हणून मी लगेच चुलीशी गेलो. मुगाचं पातळ वरण केलं, मऊ भाकरी केली, कुस्करली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं ताटाकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं आणि ताट परत सारलं.

"तुमच्या हातचं नगं," म्हणाली. "राग न्हाई माझा. भ्या वाटतं."

तेव्हापासून पाच दिवस ती सरूबाईनं आणलेलं खाते. सरूबाईच्या भाकरीला कडा नाही आणि वरणात मीठ पुढं-मागं, पण ती पोटभर खाते. पाणीही सरूबाईच्या घागरीतलं. मी रोज चूल पेटवतो, काहीतरी करतो आणि आपलं आपण खातो. घास फिरतो तोंडात. सॉसच्या सगळ्या बाटल्या मी उकिरड्यावर फोडल्या. तरी ती मी केलेल्या चहाचा कप हातात घेत नाही. नळी निळी आल्याचं सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. ती म्हणते, समदं खरं हाय, पन हात म्होरं जात न्हाई.

आता तुला त्या दिवाळीचं लिहितो. लिहिणार नव्हतो, कारण लिहिलं असतं तर माझं मलाच वाचावं लागलं असतं.

तू नर्सिंगच्या पहिल्या सुट्टीत आली होतीस. पाहुणे बसले होते. मी मटणाची सागोती उतरवली होती आणि तू कौतुकानं पळी घेऊन वाढायला पुढं झालीस. मी सगळ्यांदेखत म्हणालो, लोकांची घाण काढलेले हात माझ्या पातेल्याला लावायचे नाहीत. तू आठ दिवस घरी होतीस, सकाळ-संध्याकाळ आंघोळ करत होतीस. तरी मी ते पातेलं उचललं आणि अंगणात नेऊन कुत्र्यापुढं उपडं केलं. तू हातातली पळी हळूच खाली ठेवलीस आणि दुपारच्या गाडीनं गेलीस. आई तुझ्यामागं फाट्यापर्यंत गेली. मी पाहुण्यांना दुसरं कालवण करून घातलं आणि वर बोललो, आमच्या घराण्याला हे चालत नाही.

तुझ्या हातात काही नव्हतं, सगुणा. माझ्या हातात मात्र खरंच विष होतं आणि ते मी महिनाभर मायेनं वाढत होतो. आपल्या हाताकडं बघून घरचं माणूस मागं सरतं तेव्हा काय होतं, ते मला पाच दिवसांत कळलं. तू तीन वर्षं ते घेऊन बसलीस. माफ कर, असं लिहायला मला तोंड नाही. तरी लिहितो. मला माफ कर.

सरूबाईचा लेक धाकट्या बहिणीला आणायला मुंबईला निघालाय. परवा सरूबाईही त्याच्याबरोबर जाणार, पंधरा दिवस इथं नाही. मग तुझ्या आईला कोण करून घालणार? मी शेजारच्या दोन घरी विचारलं, बायका हो म्हणतात. पण आई म्हणते, परक्याच्या घरी किती दीस ताट मागू? सगुनी आली तर जेवीन. मी म्हटलं, ती येणार नाही. ती म्हणाली, लिवा तर खरं.

म्हणून लिहितोय. रजा मिळत असेल तर ये. स्वारगेटवरून भोरची गाडी दर दोन तासांनी असते. भोरहून आंबवड्याची शेवटची साडेपाचला, ती चुकवू नकोस. कळवलंस तर भोरला न्यायला येईन, आणि मी नको असलो तर सरूबाईच्या धाकट्या दिराला पाठवीन.

पातेली, पळ्या, चूल, सगळं तुझं. मी आत पाऊल टाकणार नाही. आईला काय आवडतं ते तुला माहीत आहे, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते चिठ्ठीवर आहे. तिला करून घाल. तिचं झाल्यावर काही उरलं, तर मलाही वाढ.

नाही वाढलंस तरी चालेल. पण ये.

तुझा बाप
साहेबराव